पाऊण वाजवा, पाव गप्प

लेझीम जमिनीवर ठेवली की तिला पाय लागता कामा नये, हा नियम मी चौथीच्या वर्गाला लेझिमा नेल्या त्या पहिल्याच गुरुवारी सांगितला आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचीच काळजी करत गाडी चालवली. ठरवून सांगितला नव्हता. एका मुलाने लेझीम खाली ठेवली, तिच्यावरून उडी मारली आणि तो मित्राकडे धावला. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय नाही लावायचा." चोवीस चेहरे माझ्याकडे वळले. आता कारण देणं भाग होतं. मी म्हटलं, "ज्याच्याकडून आपण शिकतो, त्याला आपण पाय लावत नाही."

मुलांना ते पटलं. मला मात्र घरी येईपर्यंत शंभर शंका आल्या. बायको कणीक मळत होती. तिला सगळं सांगितलं.

"अरे, ती पब्लिक स्कूल आहे, सरकारी," ती म्हणाली. "तिथे पूजा नको, प्रार्थना नको, काही नको. उद्या कुणाच्या आईने कंप्लेंट केली तर?"

"मी पूजा कुठे सांगितली?"

"तू सांगत नाहीस रे. तुझा हात आपोआप कपाळाला जातो. परवा ग्रोसरीच्या पिशवीला पाय लागला तर पिशवीला नमस्कार केलास."

"तिच्यात तांदूळ होते."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि कणकेवर झाकण ठेवलं.

आमच्या घरात मला स्मोक डिटेक्टर म्हणतात. हे नाव मुलाने ठेवलं आणि आईने उचलून धरलं. मी विमा कंपनीत काम करतो. काय वाईट होऊ शकतं, किती वेळा होऊ शकतं आणि झालं तर केवढ्याला पडेल, याचे आकडे मांडणं हा माझा व्यवसाय आहे. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी बाहेर पडायचा दरवाजा बघून ठेवतो.

आम्ही टेक्सासमधल्या अर्विंगला राहतो. ही शाळा आमच्यापासून फार लांब नाही, पण ती हायवेच्या पलीकडे आहे. आमचा मुलगा अलीकडच्या शाळेत शिकला. तिथे बँडसाठी स्वतंत्र खोली होती, चित्रकलेच्या वर्गात मातीची भांडी भाजायची भट्टी होती, नाटकाला दिवे होते. पलीकडच्या या शाळेला तीन शाळांत मिळून एक संगीताचे शिक्षक होते. ते सोडून गेले आणि ती जागा भरली गेली नाही. चित्रकला कधी गेली हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जेवणाच्या हॉलच्या टोकाला एक लहानसं स्टेज होतं. त्याच्या पडद्यामागे जुनी पाठ्यपुस्तकं रचून ठेवलेली होती.

मी तिथे गेलो तो गणित शिकवायला. आमच्या ऑफिसातून आठवड्यातला एक तास शाळेला द्यायची सोय आहे. चौथीच्या वर्गशिक्षिकेने मला सरळ सांगितलं, "अपूर्णांक. एवढं एकच करा. पाव मोठा की अर्धा, हे विचारलं तर निम्मा वर्ग पाव म्हणतो, कारण चार हा आकडा दोनपेक्षा मोठा आहे." मी पिझ्झे काढून पाहिले, पट्ट्या कापून पाहिल्या. मुलं मान हलवायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा पाव मोठा व्हायचा. एकदा एक मुलगा गणित सोडवत असताना मी नकळत बाकावर बोटांनी ठेका धरला. तीन वाजवायचे, चौथा सोडायचा. शाळेत लेझमीच्या रांगेत उभं राहिल्यापासून ती सवय माझ्या बोटांत राहिली आहे. पुढच्या बाकावरच्या मुलीने लगेच तो ठेका उचलला आणि चौथ्या जागी हात हवेत थांबवून माझ्याकडे बघितलं. "मिस्टर, इथे काहीच नाही," ती म्हणाली.

"इथे पाव आहे," मी म्हटलं. "तू आत्ता पाऊण वाजवलंस आणि पाव गप्प राहिलीस."

त्या भागातली बरीचशी मुलं घरी स्पॅनिश बोलतात आणि शिक्षकांना नुसतं 'मिस' आणि 'मिस्टर' म्हणतात. त्यामुळे मला तिथे नाव नव्हतं, आणि त्याने मला जरा बरंही वाटायचं.

लेझिमा आमच्या मंडळाच्या होत्या. गणपतीच्या मिरवणुकीसाठी पुण्याहून मागवलेल्या. वर्षातून एकदा बाहेर निघायच्या, उरलेला काळ भाड्याच्या स्टोरेजमध्ये पडून असायच्या. मंडळाचं सामान सांभाळायचं काम माझ्याकडेच होतं. तरी मी कमिटीला रीतसर विचारलं. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "न्या हो, गंज खाण्यापेक्षा मुलांनी तोडलेल्या बऱ्या." मी त्यांना सांगितलं की तोडू देणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही तोडू देणार नाही हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तर काळजी वाटते, मुलांना हात तरी लावू द्याल ना?"

मुलांनी हात लावला आणि पहिल्या गुरुवारी असा काही आवाज झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघायला आल्या. लेझीम म्हणजे एक लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना बांधलेली लोखंडी साखळी आणि साखळीत अडकवलेल्या पत्र्याच्या चकत्या. ती वाजवायला शिकवावं लागत नाही. हातात घेतली की वाजते. शिकवावं लागतं ते तिला गप्प करायला. तीन ठोके वाजवून चौथ्याला थांबायचं म्हणजे नुसता हात थांबवून भागत नाही. साखळी दांड्याकडे मिटून आणायची, चकत्यांवर तळवा दाबायचा, श्वाससुद्धा हलका घ्यायचा. चोवीस लेझिमांतली एक चकती हलली तरी पाव पुसला जातो.

त्या एका पावसाठी आम्ही हिवाळा घालवला. मुलांना 'पाव' आणि 'पाऊण' हे शब्द फार आवडले. एका शब्दात अपूर्णांक मावतो, याचं त्यांना नवल वाटलं. पुढच्या बाकावरची ती मुलगी 'पाऊण' म्हणताना तोंडाचा चंबू करायची. जेवणाच्या रांगेत ती मैत्रिणीला म्हणाली होती, "मी दूध पाऊण प्यायले," असं वर्गशिक्षिकेने मला सांगितलं. फेब्रुवारीपर्यंत पाव अर्ध्यापेक्षा मोठा म्हणणारं वर्गात कुणी उरलं नाही.

पायाचा नियमही मुलांनी उचलला, आणि माझ्यापेक्षा कडकपणे. तास संपला की लेझिमा रांगेत जमिनीवर ठेवायच्या, दोन रांगांत वाट सोडायची. वाटेतून जाताना कुणाचा बूट जवळ आला तरी चार-पाच जण एकदम ओरडायचे, "पाय!" हाही शब्द त्यांनी मराठीतच घेतला. ती मुलगी त्यांची मुख्य तपासनीस. एकदा दप्तराचा पट्टा लेझमीवरून गेला, तर तिने पट्ट्यालाही सोडलं नाही.

वर्गशिक्षिकेला मी आपणहून सगळं सांगितलं. हा नियम आमच्याकडे कुठून येतो, त्यात धर्म किती आणि सवय किती. ती हसली. "माझ्या वडिलांचा अकॉर्डियन आहे," ती म्हणाली. "त्याच्या पेटीवर मी एकदा कोकचा ग्लास ठेवला होता. अजून बोलणी ऐकते आहे." तिच्यापुरता विषय मिटला. माझ्यापुरता मिटला नाही.

कारण मुख्याध्यापिकांनी हा तास आम्हाला उधार दिला होता. मूळचा तो राज्याच्या परीक्षेच्या सरावाचा तास. एप्रिलमध्ये त्या ठरवणार होत्या की पुढच्या वर्षी चौथीच्या सगळ्या वर्गांना हा तास द्यायचा, की सगळ्यांचाच सरावाला परत घ्यायचा. वर्गशिक्षिका मला म्हणाली होती, "हा गेला तर आठवड्यात असा एकही तास उरणार नाही ज्यात त्यांच्या हातात पेन्सिलशिवाय काही असेल." तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच यादी चालू होती. हा तास कशाकशाने जाऊ शकतो. आवाजाची तक्रार. बोट चिमटलं. चकतीची कड लागली. धर्म. मी घरून चकत्यांच्या कडा कानशीने घासून आणल्या. प्लास्टरची पट्टी खिशात ठेवू लागलो.

जे झालं ते माझ्या यादीत नव्हतं. खरं सांगायचं तर यादीत होतं, पण मी तिकडे बघायचं टाळत होतो.

मार्चमधला गुरुवार होता. आवाजामुळे तास केव्हाच हॉलच्या स्टेजवर हलवला होता, तिथली पुस्तकं बाजूच्या खोलीत सरकवून; आम्ही तिथेच होतो, पडदा लावलेला. सगळ्यांच्या हातात लेझिमा. मी "तीन" म्हटलं आणि भिंतीवरचा स्पीकर बोलायला लागला. लॉकडाउन. बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरण्याचा धोका असला की देतात तो हुकूम: कुलूप लावा, दिवे बंद, नजरेआड व्हा. पुन्हा तेच. आवाज मुख्याध्यापिकांचा होता आणि त्यांनी 'ही ड्रिल आहे' असं म्हटलं नाही. सराव असला की त्या ते आधी म्हणतात. मुलांनाही हे माहीत होतं.

वर्गशिक्षिका दिव्याच्या बटणापाशी पोहोचलीसुद्धा. बाजूच्या त्या पुस्तकांच्या खोलीला आतून कडी होती, बाहेरून फक्त किल्लीने उघडणारी. तिने तिचं दार उघडून धरलं आणि बोटाने आत दाखवलं. दिवा गेला. पडद्याखालच्या फटीतून हॉलचा थोडा उजेड येत होता, तेवढाच.

माझ्यासमोर अंधारात चोवीस मुलं आणि चोवीस लेझिमा होत्या. जगात लपताना हातात नसावी अशी एक वस्तू निवडायची झाली तर मी तीच निवडली असती. आणि ती मी आणली होती. दोन खेपांत, स्वतःच्या गाडीतून.

ओरडून काही सांगणं शक्य नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो आणि माझी लेझीम तास संपताना ठेवतो तशी मिटली. साखळी आत, तळवा चकत्यांवर, आधी एक टोक, मग दुसरं. पुढच्या रांगेने ते पाहिलं. मागच्या रांगेने पुढच्या रांगेला पाहिलं. मी मनातल्या मनात आवाज मोजायची तयारी ठेवली होती. मोजायला काही आलं नाही. चोवीस लेझिमा जमिनीवर गेल्या आणि मला फक्त कापडाची सळसळ ऐकू आली.

मग मुलं उठली आणि खोलीकडे निघाली. माझी खरी भीती आता होती. अंधारात, घाबरलेली, नऊ वर्षांची मुलं, आणि जमिनीवर लोखंड. एकाचा बूट अडकला तर दुसरा त्याच्यावर पडणार, आणि तो आवाज हॉलच्या बाहेर, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाणार. पण त्यांना वाट माहीत होती. दोन रांगांच्या मधून, एकामागे एक, पाय उचलून, जपून. दर गुरुवारी जात होती तशीच ती गेली. कुणी "पाय" म्हटलं नाही. कुणाचा लागलाच नाही.

शेवटी मी. मी आत गेलेली डोकी मोजत होतो, नजर दाराकडे होती. तेवीस, चोवीस. मी पाऊल टाकलं आणि माझा बूट माझ्याच लेझमीला लागला.

तो आवाज मोठा नव्हता. दोन-तीन चकत्या हलल्या असतील. पण मी आजवर ऐकलेला कुठलाही आवाज मला इतका स्पष्ट आठवत नाही. वर्गशिक्षिकेने दंडाला धरून मला आत ओढलं आणि कडी लावली.

आत आम्ही पुस्तकांच्या खोक्यांना टेकून बसलो. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही. नंतर विचारलंही नाही. आकड्यांच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण तो आकडा मला नको आहे. कुणीतरी पलीकडे चालत होतं, की मला तसं वाटत होतं. एका मुलाने माझी बाही मुठीत धरली होती. मी विचार करत होतो की दार आत उघडतं की बाहेर, खोकी दाराशी लावता येतील का, लावताना आवाज होईल का. आणि मधूनमधून तो चकत्यांचा आवाज पुन्हा ऐकू येत होता. मुलं मात्र अशी बसली होती की डोळे मिटले असते तर खोलीत कुणी आहे असं वाटलं नसतं.

मग बाहेरून किल्ली फिरली. पोलीस होते, मागे मुख्याध्यापिका. जवळच्या एका दुकानातून कुणीतरी चोरी करून पळालं होतं आणि शाळेच्या कुंपणाकडे आलं होतं. सापडलं. शाळेशी काही संबंध नव्हता. सगळे ठीक आहेत.

दिवे लागले. दोन-तीन मुलं रडायला लागली, वर्गशिक्षिकेने त्यांना जवळ घेतलं. मी स्टेजवर आलो. ती तपासनीस मुलगी माझ्या लेझमीपाशी उभी होती. इतर सगळ्या सरळ रांगेत, माझी एकच वाकडी.

"मिस्टर," ती म्हणाली, "तुमचा पाय लागला."

"हो."

ती हलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती वाट बघत होती. मी वाकलो, लेझमीला हात लावला आणि तो हात माझ्या कपाळाला गेला. मुख्याध्यापिका दारातून बघत होत्या. ते मला नंतर कळलं.

घरी बायकोला आधीच कुणाचा तरी मेसेज आला होता. ती दारातच उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आता पुरे. पुढच्या गुरुवारी जायचं नाही."

"मुलांना तर जावंच लागेल."

ती स्वयंपाकघराकडे वळली. मग म्हणाली, "चहा टाकते." चहा झाला. तो घेताना मी तिला लेझमीचं सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे चेष्टा केली नाही, हे मला त्या दिवसाच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त लागलं.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी मला आणि वर्गशिक्षिकेला ऑफिसात बोलावलं. त्या चांगल्या बाई आहेत, कमी बोलतात. टेबलावर त्यांनी एक लेझीम मागवून ठेवली होती. बोलताना त्यांचा हात तिला लागला आणि ती वाजली. त्यांनी हात काढून घेतला.

"पहिला प्रश्न," त्या म्हणाल्या. "तुम्ही कपाळाला हात लावलात. ती प्रार्थना आहे का?"

माझ्या यादीतला हा प्रश्न शेवटी आलाच. "माझ्या घरात म्हणाल तर थोडी आहे," मी म्हटलं. "मुलांना मी ती शिकवलेली नाही. त्यांना एवढंच सांगितलं आहे की वाद्याला पाय लावायचा नाही. माझा हात माझ्या नकळत जातो. तो आवरायचा प्रयत्न करीन, पण आवरेलच असं वचन देता येणार नाही."

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. "ठीक आहे. तुमचा हात तुमचा आहे. दुसरा प्रश्न. अशा प्रसंगी ही वस्तू मुलांच्या हातात असणं सुरक्षित आहे का? आवाज झाला होता?"

"मुलांकडून काही आवाज झाला नाही," वर्गशिक्षिका लगेच म्हणाली. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ती माझ्याकडे न बघता समोर बघत होती.

तिथे थांबलो असतो तर चाललं असतं. पण प्रश्न 'मुलांकडून' असा नव्हता. आणि माझ्या धंद्यात अर्धं उत्तर देणाऱ्या माणसाचे आकडे पुन्हा कुणी धरत नाही. मी म्हटलं, "एक आवाज झाला. माझ्या पायाने. माझी स्वतःची लेझीम."

वर्गशिक्षिकेने डोळे मिटले. मला वाटलं, गेला तास.

मुख्याध्यापिका खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे चोवीस मुलांवर विश्वास ठेवता येतो," त्या म्हणाल्या, "तुमच्यावर येत नाही."

"हो. हिशेब तसाच होतो."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी अट सांगितली. येत्या गुरुवारी त्या पडद्याबाहेर, हॉलमध्ये उभ्या राहतील. आम्ही नेहमीसारखं वाजवायचं. मध्येच, कधी ते न सांगता, त्या भिंतीवर टकटक करतील. दिवे बंद करायचे, लेझिमा ठेवायच्या, खोलीत जायचं, कडी लावायची. त्यांना एक जरी चकती ऐकू आली तर लेझिमा त्याच दिवशी माझ्या गाडीत आणि पुढच्या वर्षी सगळ्या चौथीला सरावाचा तास. "त्या दिवशी काही झालं नाही हे नशीब होतं की सवय, हे मला कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. मला ते योग्य वाटलं. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं, आणि म्हणूनच त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

गुरुवारी वर्गशिक्षिकेने मुलांना काय ठरलं आहे ते सांगितलं. टकटक होईल, ती खोटी असेल, घाबरायचं नाही. एका मुलाने विचारलं, "खोटी आहे हे नक्की?" "नक्की," ती म्हणाली. "मग खरी असेल तर टकटक नसते?" दुसऱ्याने विचारलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला रांगेत उभं केलं.

मी स्टेजवर चढलो आणि बूट काढून बाजूला ठेवले. आमच्याकडे स्टेजवर असेच चढतात, आणि शिवाय मोज्यांतल्या पायाने लेझीम वाजणार नाही, असा माझा साधा विचार होता. मुलांनी ते पाहिलं. "मिस्टरने बूट काढले!" बघता बघता सगळे खाली बसून नाड्या सोडायला लागले.

"नाही," वर्गशिक्षिका म्हणाली. आवाज चढला नाही, पण सगळे थांबले. "बूट घाला. बूट पायातच राहतील."

"का, मिस? मिस्टर तर..."

"कारण पळावं लागलं तर," ती म्हणाली.

मुलांनी नाड्या बांधल्या. कुणी वाद घातला नाही. त्यांना ते कारण नवीन नव्हतं. मीही बूट परत घातले. घालताना उजवी नाडी दोनदा सुटली. तपासनीस मुलगी ते बघत होती. ती जवळ येऊन म्हणाली, "मिस्टर, तुमची लेझीम तुम्ही भिंतीशी ठेवा. तिथे कुणाची वाट नाही." मग जरा थांबून, "तुमचीही नाही."

मी मान हलवली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

आम्ही सुरू केलं. पाऊण वाजवा, पाव गप्प. पाऊण वाजवा, पाव गप्प. पडद्यापलीकडे मुख्याध्यापिका उभ्या होत्या, त्यांच्या बुटांची टोकं खालच्या फटीतून दिसत होती. मी त्या टोकांकडे बघत आकडे म्हणत होतो. मग जागच्या जागी वळून खेळायचं आवर्तन. मग बसून. टकटक होत नव्हती. मला वाटलं, त्या मुद्दाम ताणत आहेत. मुलं विसरतील तोवर थांबणार आहेत. मुलं खरंच विसरली. एक जण हसायला लागला, एकाचा ताल चुकला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. अगदी तेव्हा, जोरात वाजत असताना, दुसऱ्या ठोक्यावर, टकटक झाली.

दिवा गेला. वाजतं लोखंड मध्येच थांबवणं सर्वांत अवघड असतं. ते थांबलं. तळवे चकत्यांवर गेले, साखळ्या मिटल्या, दांडे टेकले. मी माझी ठेवली आणि भिंतीला खांदा लावून, एकेक पाऊल चाचपत, शेवटच्या मुलाच्या मागे गेलो. कडी लागली.

आत पुन्हा तीच खोकी, तोच अंधार. खोटा प्रसंग आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी एक लहान हात येऊन माझ्या बाहीला लागला. मी ऐकत होतो. पलीकडे काही नव्हतं. मुलांचा श्वासही ऐकू येत नव्हता. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला एकच विचार सुचत होता, की चोवीस मुलं एकाच खोलीत इतकी गप्प बसू शकतात, हे मला कधी कळायला नको होतं.

बराच वेळ गेला. मग किल्ली फिरली. मुख्याध्यापिकांनी स्वतःच दार उघडलं, पण आत आल्या नाहीत. त्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या.

"मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. तास राहील. पुढच्या वर्षी सगळ्या चौथीला."

वर्गशिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. मुलांना क्षणभर कळलं नाही की आता आवाज करायची परवानगी आहे.

"आता कृपा करून," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वाजवा. जेवढं मोठ्याने येईल तेवढं."

मुलं धावत स्टेजवर गेली. म्हणजे धावत दोन रांगांमधल्या वाटेपर्यंत, आणि मग एकामागे एक. लेझिमा उचलल्या जात होत्या. मुख्याध्यापिका ऑफिसकडे परतायला वळल्या आणि सरळ स्टेजच्या मधून निघाल्या. मागच्या रांगेतल्या दोन लेझिमा अजून जमिनीवर होत्या.

"पाय!" पंधरा-वीस जण एकदम ओरडले.

त्या थबकल्या. एक पाऊल उचललेलंच होतं. त्यांनी आधी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. ते पाऊल त्यांनी मागे घेतलं आणि भिंतीच्या कडेने, लांबच्या वाटेने, पडद्याला चिकटून त्या बाहेर गेल्या. तपासनीस मुलगी त्या पूर्ण बाहेर पडेपर्यंत त्यांच्या बुटांकडे बघत होती. मग ती वळली आणि लेझीम वर धरून माझ्याकडे बघायला लागली. सगळेच बघत होते.

मी खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. कडी उघडी होती, वाट मोकळी होती. मग मी "एक" म्हटलं.